‘सगळं ठीक आहे’ म्हणून फोन ठेवू नका



कोकणात मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे अगोटीची धांदल. पावसाचे चार महिने घराला पुरेल एवढी बेगमी या दिवसांत भरून ठेवायची. सुकट, सोडे, बोंबील उन्हात खडखडीत वाळवून डब्यात बंद करायचे, कारण जूनच्या पहिल्या तारखेपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. रतांब्याची सालं त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवली की आमसुलं तयार होतात. शिवाय तिखट, चिंच, पोह्याचे पापड आहेतच. सरपण पडवीत रचायचं, छपरावरची फुटकी कौलं बदलून घ्यायची. मिरगाची चाहूल लागण्याआधी हे सगळं उरकलं पाहिजे.

आणि नेमक्या याच दिवसांत घरात काही ना काही घडत असतं. चांगली बसवलेली कौलं वानरांची टोळी एका फेरीत उलटीपालटी करून जाते. सुकटीच्या टोपलीवर झाकण नीट बसवलेलं असतं, तरी मांजराला ते उघडता येतं. पाऊस सुरू झाला की मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटीची काडी पेटत नाही, आणि पाहुणे दारात आलेले असतानाच वीज जाते. ज्या घरात माणसं राहतात त्या घरात हे होणारच.

प्रश्न हा आहे की या गोष्टी आपण कोणाला सांगतो?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातलं एक तरी माणूस मुंबईत, पुण्यात नाहीतर आखातात आहे. माझे धाकटे दीर कुवेतला असतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इथे इशाची नमाज आटोपते तेव्हा तिथे नुकतीच मगरिब झालेली असते. त्या वेळेला त्यांचा फोन येतो. ‘अम्मी, कशी आहेस?’ ‘अल्हमदुलिल्लाह, ठीक. तू?’ ‘मी पण ठीक. घरात सगळे?’ ‘सगळं ठीक आहे.’ ‘बरं, ठेवतो मग.’ दोन मिनिटांत बोलणं संपतं. तिकडच्याला वाटतं, इकडे सांगून उगाच काळजी कशाला लावायची. इकडच्यांना वाटतं, परमुलखात राबणाऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला. दोघांचाही हेतू चांगला, पण दोघांनाही एकमेकांचं काही कळत नाही.

फोन नव्हते तेव्हा असं नव्हतं. माझे सासरे जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अम्मींनी त्यांना पाठवलेली पत्रं अजून आहेत. अम्मींना लिहिता येत नव्हतं, त्या सांगायच्या आणि शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे. महिन्याला एखादंच पत्र, पण त्यात काय नाही? काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक लंगडं आहे. मागच्या पडवीचा वासा वाळवीने खाल्ला. मोठ्याने शाळेची पाटी फोडली आणि बहिणीचं नाव सांगितलं. दारच्या कलमाला यंदा मोहोर कमी. समुद्रावर असलेल्या माणसाला घरात बसल्यासारखं वाटावं, एवढं त्या एका कागदात असायचं. आज फोन रोज आहे, चित्रासकट आहे. मात्र शेळीची खबर त्यात नसते.

यात बिघडलं काय, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर आमच्या किनाऱ्याला ३ जून २०२० रोजी मिळालं. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तिकडे मंडणगड, दापोली, सगळीकडे छपरं उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब कोसळले, फोन बंद पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. कोरोनामुळे विमानंही बंद होती. परदेशातली मुलं तिथे बसून फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता.

आमचा फोन लागला तो चौथ्या दिवशी, तालुक्याच्या वाटेवर एका चढावर उभं राहून. अम्मी सवयीने म्हणाल्या, ‘सगळं ठीक आहे रे बाबा.’ पलीकडे दीर रडायलाच लागले. त्यांचा विश्वासच बसेना. ‘तू नेहमी असंच म्हणतेस. खरं सांग, कोण गेलं?’ अम्मींनी शपथा घेतल्या, तरी पटेना. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकघरावरची सगळी कौलं गेली, माजघर शाबूत आहे. विहिरीजवळचा रतांबा पडला, कलम उभं आहे. शेजारच्यांचं छप्पर राहिलं नाही म्हणून ती पाच माणसं आणि त्यांच्या तीन शेळ्या आपल्या माजघरात आहेत, आणि त्यातल्या एका शेळीने तुझ्या लग्नातली चादर खाल्ली. चादरीपर्यंत आल्यावर दिरांचा श्वास खाली बसला. ते हसले आणि म्हणाले, ‘आता पटलं.’

रोज वापरून झिजलेला शब्द गरजेच्या दिवशी उपयोगी पडला नाही. धीर दिला तो शेळीने खाल्लेल्या चादरीने.

दुसरी गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. भर पावसात अम्मी विहिरीच्या वाटेवर शेवाळावरून घसरल्या. कोणी पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, साडी झटकली आणि कामाला लागल्या. रात्री फोनवर, ‘सगळं ठीक.’ घरात आम्हालाही तेच. दुसऱ्या दिवशी त्या भाकरी डाव्या हाताने उलटताना दिसल्या. माझ्या जावेने पदर बाजूला केला तर उजवं मनगट सुजून टम्म झालेलं. हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर राहिलं. ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणून लपवलेली गोष्ट सर्वांनाच पुरेसा त्रास देऊन गेली. सत्तरीतलं माणूस पडलं तर दुखणं किती आहे हे त्याच्या सोसण्यावरून ठरवायचं नसतं. सूज असेल, हात हलवता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

त्यानंतर आम्ही घरात चार साध्या गोष्टी केल्या. तुम्हीही कराव्यात. पहिल्या पावसाआधी अंगणातल्या चिऱ्यांवरचं आणि विहिरीच्या वाटेवरचं शेवाळ खराट्याने घासून काढायचं, आणि पावसाळाभर उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा घासायचं. पडवीपासून न्हाणीपर्यंत हाताला धरायला बांबूचा आडवा कठडा बांधायचा. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बॅटरी ठेवायची, आणि झिजलेल्या तळव्यांच्या चपला, कितीही आवडत्या असल्या तरी, फेकून द्यायच्या. भिंतीला ओल आली असेल तर तिथल्या बटणाला ओल्या हाताने कोणी शिवायचं नाही.

पण शेवाळ घासता येतं, बोलण्यावर चढलेलं शेवाळ कसं काढायचं? ते काढलं माझ्या आठ वर्षांच्या लेकीने.

गेल्या मे महिन्यात आम्ही पोह्याचे पापड घातले होते. लाट्यांना तेल लावून निम्म्या पोरांनी आधीच फस्त केल्या होत्या. उरलेल्यांचे पापड लाटून अंगणात खाटेवर पसरले. असरच्या सुमारास आभाळ भरून आलं. आम्ही दोघी जावा चादरीची चार टोकं धरून पळालो, जावेच्या पायात कोंबडी आली, आणि अर्धे पापड चिखलात. कोंबड्यांची ईद झाली. अम्मी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वाचलेले ओलसर पापड पोरांनी तसेच खाल्ले, आणि सुक्या पापडापेक्षा तेच बरे लागतात असा निकालही दिला.

रात्री फोन आला. अम्मी ‘सगळं ठीक’ म्हणणार एवढ्यात लेकीने फोन ओढून घेतला. ‘चाचा, आज किनई पापड सांडले!’ मग कोंबडी, चिखल, चाचीची फजिती, सगळं साग्रसंगीत. दीर पोट धरून हसले. मग म्हणाले, ‘अगं, माझापण भात आज करपला.’ खोलीत सहा माणसं, स्वयंपाकाची पाळी आठवड्याने येते, आणि दोन महिने रात्रपाळी असल्यामुळे चुलीसमोर उभ्याउभ्या डोळा लागला, हे सगळं त्या करपलेल्या भातामागून बाहेर आलं. अम्मींना रात्रपाळीचं तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या रात्री बोलणं अर्धा तास चाललं. दुसऱ्या दिवसापासून अम्मींनी फोनची वेळ बदलून घेतली, मुलाची झोप मोडू नये म्हणून.

तेव्हापासून लेकीचा एक प्रश्न ठरलेला आहे. फोन लागला की ती विचारते, ‘आज काय सांडलं?’ प्रत्येकाने एक बिघडलेली गोष्ट सांगायची आणि एक बरी. दूध उतू गेलं, पण खरवस मिळाला. बादली विहिरीत पडली, पण गळ टाकून काढताना मागच्या वर्षीची कळशीही वर आली. अम्मींनाही सूट नाही. परवा त्या म्हणाल्या, ‘आज गुडघा दुखतोय.’ साधं वाक्य, पण ते ऐकायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

अल्लाहचे आभार मानणं आणि घरची खबर लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अल्हमदुलिल्लाह’ जरूर म्हणा, मनापासून म्हणा. फक्त ते म्हणून झाल्यावर फोन ठेवू नका. कौल कुठलं सरकलं, भात कोणाचा करपला, चालताना कोणाचा पाय घसरला, तेही सांगा. दूर असलेल्या माणसाला घरची काळजी करायची मुभा द्या. काळजी करता आली की तो घरातलाच राहतो.

यंदाचा पाऊस तोंडावर आला आहे. तुमच्या घरी काय सांडलं ते आम्हालाही कळवा.