भांडवलाबरोबर दायित्वही यावे

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते, तेव्हा तेथील उतारावर वारकरी धावत सुटतात. पंढरी जवळ आल्याचा तो आनंद असतो. परंतु ज्या चंद्रभागेच्या ओढीने ही धाव असते, तिचे पाणीही वारकऱ्यांप्रमाणेच आळंदी-देहूच्या बाजूने आलेले असते. इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात साठते आणि तेथून पुढे पंढरपूरला येते. उजनीचे पाणी सोलापूर शहरही पिते. म्हणजेच इंद्रायणीच्या खोऱ्यात एखाद्या कंपनीला जागा देण्याचा निर्णय वरकरणी पुणे जिल्ह्याचा असला, तरी त्याचे बरेवाईट परिणाम सोलापूर जिल्ह्यातील घागरीपर्यंत पोहोचतात.

चाकणजवळील शिंदे-वासुली येथील प्रकरण या दृष्टीने आठवावे असे आहे. डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीच्या संशोधन केंद्रासाठी शासनाने तेथे सुमारे 100 एकर गायरान देऊ केले. केंद्रात कोणती रसायने हाताळली जाणार हे आपणांस सांगितले गेले नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. कंपनीचे म्हणणे असे की, येथे उत्पादन नव्हे, केवळ संशोधन होणार आहे. 2008 साली विरोध पेटला. बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली वारकरीही त्यात उतरले, आणि जुलै महिन्यात बांधकामाच्या जागी जाळपोळ झाली. अखेरीस केंद्र तेथे उभे राहिले नाही. जाळपोळीचे समर्थन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. तथापि, टाळ हाती घेणारी माणसे या थराला का आली, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

त्याचे उत्तर भोपाळमध्ये सापडते. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी मालकीवर सर्वसाधारणपणे 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. असे असूनही भोपाळचा कारखाना चालविणाऱ्या कंपनीत अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचा वाटा 50.9 टक्के होता. मालकी कोणाची आणि किती, हे कायद्याने दशांश चिन्हापर्यंत मोजले. परंतु डिसेंबर 1984 मध्ये विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हा भारतातील कंपनी वेगळी आणि आपण वेगळे, असा पवित्रा मूळ कंपनीने घेतला. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2001 साली डाऊने युनियन कार्बाइड विकत घेतली, मात्र भोपाळचे दायित्व आपल्याकडे येत नाही, ही भूमिका कायम ठेवली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळली. मालमत्ता वारसाहक्काने मिळते, कर्ज मात्र मिळत नाही, असा हा व्यवहार इंद्रायणीकाठच्या शेतकऱ्याला पटणे शक्य नव्हते.

भोपाळनंतर कायदे झाले नाहीत असे नाही. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 2010 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. अडचण निराळी आहे. परकीय गुंतवणुकीचा कायदा आणि पर्यावरणाचा कायदा यांची गाठच पडत नाही. परदेशी पैशाच्या बदल्यात समभाग दिले की 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवावे लागते. त्या कागदात नदीसाठी रकाना नसतो. ते काम दुसऱ्या खात्याचे. आणि त्या खात्याच्या 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे.

दाभोळचा अनुभव याच्या जोडीला ठेवावा. एन्रॉनच्या विजेचे पैसे बुडू नयेत म्हणून राज्याने हमी दिली आणि त्या हमीमागे केंद्राने प्रतिहमी उभी केली. गुंतवणूकदाराच्या बिलाला दोन सरकारांची हमी मिळू शकते, तर गावाच्या विहिरीला एका कंपनीची हमी का मिळू नये? हा विचार शासनाला सुचलाच नव्हता असेही नाही. 2015 साली केंद्राने गुंतवणूक करारांचा नमुना मसुदा तयार केला. येथे जीवितहानी वा मोठे नुकसान घडविणारे निर्णय परदेशी गुंतवणूकदाराने आपल्या देशात घेतले असतील, तर त्याच्यावर तेथील न्यायालयात दावा चालावा, असे कलम त्यात होते. अंतिम नमुन्यातून ते गळाले.

परकीय भांडवल नकोच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. माळशिरस-सांगोल्याकडचे तरुण रोजगारासाठी चाकणची वाट धरतात, हे वास्तव आहे. शिवाय भीमेचे पाणी काही परदेशी कंपन्यांनीच बिघडवलेले नाही. पुणे-पिंपरीचे सांडपाणी आणि आपले स्वदेशी कारखाने त्यात मागे नाहीत. जो नियम परक्यांना लावावयाचा, तो आपल्यांनाही लागला पाहिजे, नाही तर तो नियम न राहता पक्षपात ठरेल.

मग समतोल कशाने साधावा? जमीन देण्यापूर्वी तेथे हाताळावयाच्या रसायनांची यादी मराठीत ग्रामसभेपुढे यावी. अपघात वा प्रदूषण घडल्यास त्याची भरपाई मूळ कंपनी करील, असे लेखी हमीपत्र जमिनीच्या करारातच असावे. आणि नदीच्या वरच्या अंगाला प्रकल्प येणार असेल, तर खालच्या अंगाच्या गावांनाही बोलण्याचा अधिकार असावा. यातील एकही अट प्रामाणिक गुंतवणूकदाराला जाचक नाही. उलट, आरंभीच या अटी स्वच्छपणे मान्य झाल्या असत्या, तर शिंदे-वासुलीत कंपनीचा पैसा, शासनाची पत आणि लोकांची शांतता, हे तिन्ही कदाचित वाचले असते.

नफा सीमा ओलांडून जातो, पण दायित्व सीमेवर अडते, ही आजची स्थिती आहे. ती बदलण्याचे काम संसदेचे आणि विधिमंडळाचे. परंतु मागणी मात्र वेळापूरसारख्या गावांतूनच उठली पाहिजे. कारण वरच्या अंगाला झालेला करार वाचण्याची संधी या गावांना मिळत नाही. त्या कराराचा परिणाम तेवढा पाण्याबरोबर त्यांच्या दारी येतो.