रिमोट चाव्यांची नादुरुस्ती व बदलीचा अवाजवी खर्च याबाबत निवेदन

दिनांक : २४ डिसेंबर २०२५
(राष्ट्रीय ग्राहक दिन)

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, नागपूर

मार्फत : मा. तहसीलदार, उमरेड

विषय : मोटारींच्या रिमोट चाव्यांची दुरुस्ती, सुटे भाग व दर यांबाबत चौकशी करून ग्राहकांना दिलासा मिळणेबाबत.

संदर्भ : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ – कलम १६ व १७.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे उमरेड शहर व तालुक्यातील मोटारधारक आणि टॅक्सीचालक आपणांस विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो की,

आजच्या गाड्यांत चावी म्हणजे नुसते लोखंडाचे पाते राहिलेले नाही. तिच्यात सेल, सर्किट आणि गाडीला ओळख पटवणारी चिप असते. ही ओळख पटली नाही, तर इंजिन धडधाकट आणि टाकी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूची दुरुस्ती मात्र आम्हांला जवळपास कुठेच मिळत नाही. 'पूर्ण चावी बदला' हे एकच उत्तर मिळते.

गेल्या मे महिन्यातील प्रसंग नमूद करतो. आमच्यापैकी एक जण वृद्ध आईला घेऊन भर दुपारी उमरेड बसस्थानकाजवळ उभ्या केलेल्या गाडीशी आला. रिमोटने दार उघडेना. रिमोटच्या पोटातील छोट्या चावीने दार उघडले, पण गाडी सुरू होईना. दुसरी चावी परगावी असलेल्या मुलाकडे होती. दुसऱ्या दिवशी गाडीमालक रिमोट घेऊन एसटीने नागपूरला सर्व्हिस सेंटरला गेला. तिथे रिमोट उघडून न पाहताच सांगण्यात आले, की पूर्ण चावी बदलावी लागेल, मागणी नोंदवावी लागेल, गाडी टोचन करून आणावी लागेल आणि दुसरी चावीही सोबत हवी. खर्चाचा तोंडी आकडा पंधरा हजारांच्या पुढचा होता.

परत आल्यावर त्याने तोच रिमोट गावातील घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवला. त्यांनी बारीक पात्याने तो उघडला. सेल ज्या पट्टीवर बसतो, त्या पट्टीवर हिरवट गंज चढला होता. स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसून त्यांनी सीआर २०३२ चा नवा सेल बसवला. बटण दाबताच बारीक लाल दिवा लागला आणि गाडी सुरू झाली. खर्च साठ रुपये. सेल संपला, तरी बऱ्याच गाड्यांत रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरल्यास गाडी सुरू होते. ही साधी बाबही गाडी ताब्यात देताना त्याला कोणी सांगितली नव्हती.

प्रत्येक चावी साठ रुपयांत दुरुस्त होते, असे आमचे म्हणणे नाही. सर्किट तुटते, पाणी शिरते, चिप निकामी होते. तेव्हा चावी बदलावीच लागते. परंतु खरा बिघाड कोणता, हे तपासून लेखी सांगितले जात नाही, ही आमची तक्रार आहे. बटणांची रबरी पट्टी झिजली किंवा कव्हर फुटले, तरी तेवढाच भाग मिळत नाही. गाडी चोरीला गेल्यास विम्याचा दावा करताना विमा कंपन्या दोन्ही चाव्या मागतात, त्यामुळे एक चावी बंद ठेवून दिवस काढणेही परवडत नाही. नागपूर शहरातील माणसाचा चावीच्या कामात अर्धा दिवस जातो. उमरेडहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचे, तर दिवसाची मजुरी आणि टोचनचे भाडे दोन्ही अंगावर पडतात. सिर्सी, मकरधोकडा या गावांतील लोकांना तर आधी उमरेड गाठावे लागते.

या विषयावर निर्णय झालेले आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्यावेत, त्यांच्या कमाल किमती संकेतस्थळावर जाहीर कराव्यात आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असे निर्देश त्यात होते. कंपन्या अपिलात गेल्या; पण ज्या तक्रारीवरून तो आदेश निघाला, तीच तक्रार घेऊन आम्ही आज आपल्यासमोर उभे आहोत. तीन वर्षांपूर्वी, २४ डिसेंबर २०२२ रोजी, केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे.

चावीचे कोड कोणाच्याही हाती द्यावेत, असे आम्ही म्हणत नाही. त्याने चोरांचेच फावेल. अमेरिकेत पार्श्वभूमी तपासून नोंदणी केलेल्या कुलूप-कारागिरांना असे कोड मिळतात. तशी व्यवस्था आपल्याकडेही होऊ शकते.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. कलम १६ अन्वये जिल्ह्यातील सर्व्हिस सेंटरमधील चावी बदलण्याच्या पद्धतीची चौकशी करून अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवावा.

२. चावी बदलण्यापूर्वी ती उघडून तपासणे, बिघाडाचे कारण लेखी देणे आणि जुनी चावी ग्राहकाला परत करणे बंधनकारक करण्याची शिफारस करावी.

३. चावी, चिप, कव्हर, बटणपट्टी व प्रोग्रामिंग यांचे वेगवेगळे दर मराठीत दर्शनी फलकावर लावण्यास सांगावे.

४. गाडी देताना सेल बदलण्याची व सेल संपल्यावर गाडी सुरू करण्याची पद्धत ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावी.

५. स्थानिक चावीवाल्यांना प्रशिक्षण व पोलीस पडताळणीनंतर नोंदणी द्यावी. गाडीची नोंदणी पुस्तिका व मालकाची ओळख पाहूनच त्यांनी काम करावे.

६. उमरेड येथे महिन्यातून एक दिवस चावी तपासणी व प्रोग्रामिंगची सोय करण्यास कंपन्यांना सुचवावे.

परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आमच्या दोन प्रतिनिधींना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती. एका महिन्यात कार्यवाही न झाल्यास आम्हांला थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे दाद मागावी लागेल. आम्ही गाडीची पूर्ण किंमत मोजली आहे. ती उघडण्याचा आणि दुरुस्त करून वापरण्याचा हक्क त्या किमतीतच आला, असे आम्ही मानतो.

आपले विश्वासू,
उमरेड शहर व तालुक्यातील मोटारधारक व टॅक्सीचालक

सोबत : सह्यांची यादी.
प्रत माहितीस्तव : मा. उपविभागीय अधिकारी, उमरेड.