न बोललेला आजार

सूसच्या टेकडीकडे आम्ही निवृत्त मंडळी रोज सकाळी फिरायला जातो. साखर, गुडघे, पेन्शन, सगळे विषय निघतात. हा एक सोडून. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाची बायपास झाली. तो हळूच म्हणाला, "शरीराने तीन वर्षांपूर्वीच सांगितले होते रे. वयावर ढकलले. बायकोशीही बोललो नाही."

पुरुषाच्या जननेंद्रियातील रक्तवाहिन्या जेमतेम १-२ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३-४. आतले अस्तर सगळीकडेच बिघडते, पण अरुंद नळी आधी तुंबते. म्हणून ताठरता कमी होण्याची तक्रार पुष्कळदा छातीत दुखण्याच्या २ ते ५ वर्षे आधी येते. बँकेत हप्ता चुकू लागला की आम्ही खाते तपासायला घेत असू. इथे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायचे. कारण दर वेळी हृदयच असते असे नव्हे. मधुमेह, मनावरचा ताण, चालू औषधेही असतात.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून असले विषय उघड मांडले, खटले सोसले. आपण मात्र दुकानातून चोरून गोळी आणतो! छातीसाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

परवा टेकडीवर मी विषय काढला. दोघे हसले, एक पुढे निघून गेला. चौथ्याने परतताना डॉक्टरांचा पत्ता विचारला.