तुम्ही लोक कोणाकडून?

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना दरवर्षी एका जागी गाडी अडते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. उर्दूत दोन्हींसाठी एकच शब्द आहे, ‘हम’. मुलं विचारतात, सर, फरक काय? मी सांगतो, ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की समोरचा उपाशी राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याचंही ताट वाढलं. मुलं हसतात, मान डोलावतात आणि पुढच्या निबंधात परत तीच चूक करतात. मी लाल पेनाने गोल करतो. वीस वर्षं झाली हे करतोय.

हा फरक मला स्वतःला मात्र कळला तो एका फुटबॉल क्लबमुळे.

सोलापूर हे काही फुटबॉलचं गाव नाही. आमच्याकडे पार्क मैदान म्हणजे क्रिकेट. फुटबॉल बघायचा तर कोल्हापूरला जावं, तिथे तो रक्तात आहे. पण माझी बहीण जोगेश्वरीला दिलेली, आणि तिचा मुलगा लहानपणापासून या खेळाच्या मागे वेडा. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तो पाचवीत होता. मुंबई सिटीचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना १८ ऑक्टोबरला, शनिवारी, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली. त्याने फोनवर असा काही हट्ट धरला की मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

खरं सांगायचं तर मी गेलो तो आनेल्काला बघायला. निकोला आनेल्का, फ्रान्सचा, नाव माहीत असलेला. तो त्या दिवशी बंदीमुळे खेळलाच नाही. आमच्या मागच्या रांगेतली मंडळी अर्धा वेळ रणबीर कपूर कुठे बसलाय हे शोधण्यात गुंतलेली, कारण क्लबच्या मालकांत तोही होता. मुंबईने पुण्याला ५-० हरवलं, आंद्रे मोरित्झ नावाच्या ब्राझीलच्या गड्याने तीन गोल केले. त्या लीगमधली ती पहिली हॅटट्रिक. पण लोक कोणाच्या बाजूने होते हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. कोणी बार्सिलोनाचा शर्ट घातलेला, कोणी चेल्सीचा. गोल कोणीही मारू दे, टाळ्या पडत होत्या. जत्रेला आल्यासारखी गर्दी होती आणि मीही त्या जत्रेतलाच एक होतो. भाचा तेवढा घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत होता.

पुढची काही वर्षं त्याने काढली ती अशीच. क्लब २०१६ पासून अंधेरीच्या क्रीडा संकुलात आला, म्हणजे त्याच्या घराजवळ. संघ कधी बरा, कधी सुमार. बहीण तक्रार करायची, अभ्यास सोडून हा तिथे जातो. मी तिची समजूत काढायचो, मोहल्ल्याच्या नाक्यावर उभा राहण्यापेक्षा बरं.

मग यश आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच मोसमात, २०२०-२१ ला, मुंबई सिटीने लीगची ढालही जिंकली आणि करंडकही. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला अंतिम सामना होता. शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मोहन बागानला २-१ ने हरवलं. पण करोनामुळे स्टेडियम रिकामं. सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी माझा भाचा जोगेश्वरीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मोबाइलसमोर नाचला. शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या.

या क्लबचं नशीब बघा. २०२१ ची ढाल आणि करंडक, दोन्ही गोव्यात. २०२३ ची ढाल मिळाली तीही गोव्यातच, एफसी गोवाला त्यांच्या घरात ५-३ ने हरवून. २०२४ चा करंडक कोलकात्यात, मोहन बागानच्या खच्चून भरलेल्या मैदानावर. अंधेरीत यातलं काहीच घडलं नाही. म्हणजे जिंकण्याचा आनंद मुंबईच्या गर्दीला नेहमी पडद्यावरच मिळाला, आणि मैदानात आली ती त्या आनंदाची बातमी ऐकून आलेली माणसं.

ही माणसं मी पाहिली ८ जानेवारी २०२३ ला. रविवार होता, केरळ ब्लास्टर्सशी सामना. केरळवाले पिवळे शर्ट घालून आलेले; मुंबईतल्या मल्याळी माणसाचं आपल्या गावच्या संघावरचं प्रेम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुंबईने पहिल्या बावीस मिनिटांत चार गोल ठोकले. २०१४ शी तुलना केली तर जमीन-अस्मानाचा फरक. आता निळा रंग एकसारखा दिसत होता. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ ही चाहत्यांची टोळी एका बाजूला ढोल घेऊन. आणि मुख्य म्हणजे लोकांना नावं पाठ होती. छांगते, अपुईया, बिपिन, मेहताब. जहूह आणि फॉल ही नावंसुद्धा, एक मोरोक्कोचा, एक सेनेगलचा. मिझोरामच्या पोराने चेंडू घेतला की माझ्या पुढचा साठीचा गुजराती गृहस्थ ‘छांगते, छांगते’ करत उठून उभा राहायचा. ईशान्येकडच्या मुलांना आपल्या शहरांत काय काय नावांनी हाक मारतात हे आपण सगळे जाणतो. तिथे त्याला त्याच्या नावाने हाक मारत होते, आणि उच्चारही बरोबर. मला ते फार बरं वाटलं. दादरला गाडी पकडायला धावताना भाच्याला म्हटलं, बघ, जिंकण्याने माणसं कशी जवळ येतात. तो काही बोलला नाही.

तो का बोलला नाही हे दहा महिन्यांनी समजलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटवारीत मुंबई सिटीला सौदीचा अल-हिलाल आला, आणि अल-हिलालमध्ये नुकताच नेमार गेलेला. नेमार नवी मुंबईत खेळणार! माझ्या शाळेतल्या ज्या शिक्षकांना ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नाही तेही विचारू लागले, सर, तुमच्या भाच्याला सांगून तिकिटं मिळतील का? १७ ऑक्टोबरला नेमारचा गुडघा गेला. तो आलाच नाही. आनेल्काची आठवण झाली. पण तिकिटं काढलेली माणसं आली.

६ नोव्हेंबरला भाचा गेला. आता तो कॉलेजात. अंगावर मुंबईचा निळा शर्ट, दोनदा उसवून शिवलेला. गेटबाहेर वर्गातला एक मुलगा भेटला. पहिल्यांदाच मॅचला आलेला, नवा कोरा स्कार्फ गळ्यात. चांगला मुलगा, दोघं एकत्र अभ्यास करतात. त्याने हसत विचारलं, “मग? आज तुम्ही लोक कोणाकडून?”

एरवी तो याला ‘तू’ म्हणतो. भाचा रात्री फोनवर मला म्हणाला, “मामू, मैं तो अकेला था. लोक कौन थे?”

मी मराठीचा शिक्षक. मला उत्तर सुचलं नाही.

कोणी म्हणेल, एवढंसं बोलणं मनाला लावून घेऊ नये. मीही आधी तेच म्हणालो. त्या मुलाच्या मनात विष नव्हतं, हे भाचाही मानतो. पण प्रश्नाची दिशा बघा. नऊ वर्षं जो रिकाम्या खुर्च्यांत बसला त्याला, त्याच दिवशी पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो की तू कोणाचा. आधी आला कोण आणि पुरावा द्यायचा कोणी? यशामुळे गर्दी वाढते, आवाज वाढतो, हे सगळं खरं. त्याबरोबर एक हक्कही वाढतो, दुसऱ्याला ‘तू आपल्यातला का’ असं विचारण्याचा. आणि हा हक्क बहुधा नव्याने आलेलेच गाजवतात, कारण जुन्याला कोण कधीपासून येतंय हे माहीत असतं.

हे काही पहिल्यांदा घडलं नाही. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आठवा. १८९१ चा क्लब. १९३४ ला कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात आला आणि पहिल्याच वर्षी जिंकला. ही लीग जिंकणारा तो पहिला हिंदी क्लब. नंतर १९३८ पर्यंत ओळीने पाच वर्षं. १९४० ला दिल्लीत ड्युरँड आणि आपल्या मुंबईत रोव्हर्स कप. ओल्या मैदानावर बूट घालून खेळणं हे त्यांच्या यशाचं एक साधं कारण सांगतात, बाकीचे तेव्हा अनवाणी खेळत. गोऱ्यांना हरवतात म्हणून सुरुवातीला सगळेच खूष होते. पण विजय वाढले तशी गावोगावचे मुसलमान मैदानावर लोटू लागले आणि त्या गर्दीवर एक शिक्का बसला. ‘आपला’ संघ बघता बघता ‘त्यांचा’ झाला. दोष एका बाजूचा नव्हता. मुस्लिम लीगच्या राजकारणाने तो विजय आपल्या खिशात घातला, आणि समोरच्यांनीही तो त्यांच्या खिशात खुशाल जाऊ दिला. फुटबॉल बघायला आलेल्या गोदी कामगाराला कोणी विचारलं नाही.

आपल्या काळातलं सांगायचं तर २४ ऑक्टोबर २०२१. विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरला. दहाही गडी कोणालाच काढता आले नाहीत, पण समाजमाध्यमांवर शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला. विराट कोहली त्याच्या पाठीशी उभा राहिला, त्याबद्दल त्यालाही ऐकून घ्यावं लागलं. दोन वर्षांनी त्याच शमीने विश्वचषकात २४ बळी घेतले तेव्हा सगळा देश ‘आपला शमी’ म्हणत होता. मीही टाळ्या वाजवल्या. वाजवताना २०२१ आठवत होतं, हे नाकारणार नाही.

अंधेरीत ‘छांगते, छांगते’ ऐकून मी जो खूष झालो होतो, त्या आनंदावर म्हणूनच आता थोडी शंका येते. २०२४ च्या ४ मे रोजी कोलकात्यात बिपिनने पुन्हा अंतिम सामन्यात गोल केला आणि मुंबई ३-१ ने जिंकली. त्याचं मणिपूर पेटल्याला आदल्याच दिवशी वर्ष झालं होतं. बिपिन आपला. मणिपूर?

आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे, रागावू नका. अल-हिलालच्या सामन्याआधी आमच्या ओळखीतल्या काहींनी भाच्याला चिडवलं होतं, “अरे, सौदीवाल्यांच्या विरोधात ओरडणार?” म्हणजे प्रश्न तोच, फक्त दुसऱ्या बाजूने. रियाधच्या क्लबचा आणि जोगेश्वरीच्या पोराचा काय संबंध? २०२२ च्या रमजानमध्ये मुंबई सिटीने त्याच रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं, राहुल भेकेने हेडर मारला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. तो सामना भाच्याने तरावीहनंतर जागून बघितला होता. भेके मुंबईचा, मराठी पोरगा. तेव्हा याला कोणी विचारलं नाही की इराकी मुसलमानांच्या विरोधात का ओरडतोस. कारण तेव्हा बघत होतंच कोण?

कोल्हापूरकडे मी जरा हेव्याने बघतो ते यासाठी. तिथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशी तालीम मंडळं खेळतात. तुम्ही कोणत्या पेठेत जन्मलात त्यावर तुमचा संघ ठरतो. तो यंदा जिंकला म्हणून तुम्ही येत नाही, हरला म्हणून सुटका नाही. तिथेही हाणामाऱ्या होतात, शाहू स्टेडियममधली गर्दी म्हणजे काही भजनी मंडळ नव्हे. पण पेठेतल्या पोराला, मग त्याचं आडनाव मुल्ला असो की माने, कोणाकडून असं विचारायची गरज पडत नाही. घर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. मोठ्या शहराच्या मोठ्या क्लबला ही सोय नाही. त्याला अनोळखी माणसांतूनच आपली गर्दी बांधावी लागते, आणि यश मिळालं की अनोळखी माणसं फार वेगाने येतात.

येऊ नयेत असं मी म्हणणार नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? मी स्वतः आनेल्कासाठी गेलो होतो. नव्या माणसाने एवढंच करावं की बसण्याआधी शेजारच्याला ‘कधीपासून येता?’ असं विचारावं. ‘कोणाकडून?’ हा प्रश्न शर्टाचा रंग बघून आपोआप सुटतो.

त्या रात्री मुंबई ०-२ ने हरली. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नव्हता तोवर स्टेडियम दणाणत होतं. दुसरा गोल झाल्यावर लोक पार्किंग आणि लोकलच्या काळजीने उठू लागले. तो वर्गमित्रही जाताना याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चल, हरले हे.” भाचा बसून राहिला. शिट्टी झाल्यावर खेळाडू टाळ्या वाजवत त्या बाजूला आले, तेव्हा ढोलवाले होते, हा होता आणि आजूबाजूला बऱ्याच खुर्च्या मोकळ्या होत्या.

घरी पोहोचायला त्याला दीड वाजला. बहिणीने मला सकाळी फोन करून तक्रार केली. मी त्याला विचारलं, काय झालं मॅचचं? तो मराठीतच बोलला, माझ्याशी तसा कमीच बोलतो. म्हणाला, “आपण हरलो, मामू.”