रामदेव बाबा : योगवर्गातून औषधांच्या दुकानात

हातकणंगले - इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदी व्यवसाय, शिरोलीची औद्योगिक वसाहत. या तालुक्यात रोजंदारीवर आणि पाळीने काम करणारे पुष्कळ. डॉक्टरकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. अशा घरांत पहाटे दूरचित्रवाणीवर फुकट योगवर्ग भरतो, याचे आकर्षण किती असेल, हे वेगळे सांगायला नको. रामदेव बाबांच्या उदयाचे मूळ तिथेच आहे.

हरियानातील महेंद्रगढ जिल्ह्यात जन्मलेल्या रामकृष्ण यादव यांनी १९९५ मध्ये सहकाऱ्यांसह हरिद्वारला दिव्य योग मंदिर ट्रस्ट स्थापन केला. नव्या शतकाच्या प्रारंभी 'आस्था' वाहिनीने त्यांना घराघरांत नेले. दूरदर्शनवर धीरेंद्र ब्रह्मचारींनीही पूर्वी योग शिकवला होता. पण तो चौथीच्या पुस्तकासारखा सोपा केला रामदेव यांनी. त्यांच्यामुळे असंख्य माणसे पहाटे उठून प्राणायाम करू लागली, हे श्रेय नाकारता येणार नाही.

२००६ मध्ये पतंजली आयुर्वेद कंपनी उभी राहिली आणि शिक्षकच विक्रेता झाला. या भागातल्या तालमीतील वस्ताद पोराचा दम आणि दुखरा गुडघा पाहून जोर-बैठकांचा आकडा ठरवतो. पडद्यावरच्या गुरूला समोरचा मधुमेही दिसतच नाही. तरीही मधुमेह, रक्तदाब बरा करण्याचे दावे होत राहिले. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने नेमके याच विकारांबाबत असे दावे करण्यास मनाई केली आहे.

जून २०२० मध्ये 'कोरोनिल'ने सात दिवसांत कोरोना बरा होतो, असे जाहीर झाले. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राविना ते औषध राज्यात विकू देणार नाही, अशी भूमिका घेतली. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस काढली. एप्रिलमध्ये वृत्तपत्रांतून माफीनामे छापावे लागले. ते जाहिरातींइतक्याच मोठ्या आकाराचे आहेत का, असेही न्यायमूर्तींनी विचारले! ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण बंद झाले. व्यवसायाला मात्र ओहोटी लागली नाही. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीच्या फूड पार्कचे उद्घाटन झाले.

सामान्य रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात परवाना अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घेण्याचा नियम १७० केंद्राने जुलै २०२४ मध्ये वगळला. न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही संपली. त्यामुळे आता दाव्याची तपासणी होईल ती बहुधा जाहिरात झळकल्यानंतर, कुणीतरी घरातली गोळी बंद केल्यावर.