खोकला कुत्र्याला, उमाळा शेजाऱ्यांना

माणसाला फुकट सल्ला देण्यात एक धोका असतो: माणूस उलट बोलतो. कुत्रा बोलत नाही. म्हणूनच कुत्रा खोकला की आपल्याकडे घरोघर वैद्य निपजतात. या वैद्यांविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे.

आमचा मोत्या पॉमेरियन, वय वर्षे 11. त्याचा खोकला आठवडाभरात थांबेना, तेव्हा खालच्या मजल्यावरचे नाना म्हणाले, "घशात हाड अडकलंय." आमच्या घरात हाडं आहेत ती फक्त आमच्या अंगात! जोशीकाकांनी तर स्वतःच्या खोकल्याची बाटलीच आणून दिली. "दोन चमचे पाजा, रात्रभर हूं की चूं करणार नाही!"

मला नेमकी हीच भीती. काही बिनसाखरेच्या औषधांत झायलिटॉल असतं. आपल्याला ते नुसतं गोड. कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र झपाट्यानं खाली आणतं. पॅरासिटामॉलची गोळी त्याच्या यकृतावर आणि रक्तावर उठते. हूं की चूं कायमचंच बंद व्हायचं!

अहो, खोकला हा रोगच नव्हे. बँकेत चेक परत आला तर सोबत कारणाची चिठ्ठी तरी असते: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही. खोकला चिठ्ठीवाचून येतो. चार कुत्र्यांत राहून लागलेला संसर्गाचा खोकला बहुधा एक ते तीन आठवड्यांत ओसरतो. पॉमेरियनसारख्या लहान जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडून नळी चपटते. मग गळपट्टा ओढला की जुन्या मोटारीच्या रबरी भोंग्यासारखा आवाज निघतो. तिथे औषधाइतकाच उपयोग गळ्याऐवजी छातीला बांधायच्या पट्ट्याचा. आणि म्हाताऱ्या लहान कुत्र्यात हृदयाची झडप गळू लागली, तर हृदय वाढून वरच्या श्वासनलिकेला रेटतं. आता यातलं कुठलं दुखणं हळद-मधानं बरं होणार, ते नानांनी सांगावं.

नानांनी ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "कुत्र्याचा एक्स-रे? तेवढ्यात नवा कुत्रा येईल!" या हिशेबानं बँकेनं मला केव्हाच बदलून घ्यायला हवं होतं. मोत्यानं 11 वर्षं दारात बसून माझी वाट पाहिली. एवढी वाट माझ्या काउंटरवरच्या ग्राहकांनीसुद्धा पाहिलेली नाही. (त्यांचं मत वेगळं असू शकेल.)

डॉक्टरपुढे मोत्या अर्थातच एकदाही खोकला नाही. कुत्र्यांची ही जुनी खोड. म्हणून खोकल्याचं मोबाईलवर चित्रण करून नेलं होतं. एक्स-रेत हृदय वाढलेलं दिसलं. आता दिवसातून दोनदा गोळी, आणि झोपेतले श्वास मोजायचे. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला 30च्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवायचं, आणि धाप लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर रात्र असो की दिवस, तडक गाठायचं. ज्यानं जन्मभर नोटा मोजल्या त्याला 30 श्वास काय जड?

काल रात्री 22 भरले. अंधारात सौ. म्हणाली, "अहो, आमचे कधी मोजलेत का?"