अंधार मोजणारा दिवा

मुलांनो, कुरुंदवाडसारख्या गावात पूर्वी घरोघरी कंदील असत. तिन्हीसांजेला वात बारीक ठेवावयाची, काळोख दाटला म्हणजे ती थोडी वर काढावयाची, असा परिपाठ असे. वात किती वर काढावी, हे डोळे ठरवीत.

आज हे काम आर्डुइनो नावाच्या लहानशा बोर्डाकडून करवून घेता येते. इटलीतील इव्रेया गावी २००५ साली तो विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. प्रकाशाच्या सेन्सरवर उजेड पडला की त्याचा रोध घटतो, आणि त्यावरून बोर्डाला ० ते १०२३ यांमधला एक आकडा मिळतो. नेहमीच्या जोडणीत उजेडाबरोबर हा आकडा वाढतो. एल.ई.डी.ला मात्र ० ते २५५ यांमधलाच आकडा द्यावा लागतो. तेव्हा मिळालेल्या आकड्यास ४ ने भागावे व भागाकार २५५ मधून वजा करावा. उजेड वाढेल तसा दिवा मंद होतो. वास्तविक बोर्ड त्याला सेकंदात सुमारे ४९० वेळा लावीत व विझवीत असतो. ती उघडझाप आपल्या डोळ्यांना कळत नाही, इतकेच!

हा प्रोग्राम कोठून तरी उतरवून घेतला, तर पाच मिनिटांचे काम. परंतु तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या घरात ० इतका काळोख आणि १०२३ इतका लखलखाट बहुधा कधीच होत नाही. माजघरातली दुपार अंगणातल्या संध्याकाळीइतकी अंधारी असू शकते. म्हणून आधी वही घ्यावी. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला आणि आभाळ भरून आले असताना आकडे टिपावेत. कोणत्या आकड्यास अक्षर दिसेनासे होते, हे आजोबांनाही विचारावे. त्यांचे डोळे निराळे. सेन्सर केवळ आकडा सांगतो. अंधार कशाला म्हणावयाचे, हे तुम्हीच ठरवावयाचे असते.

एवढ्याशा दिव्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. २०१९ च्या ऑगस्टात महापुराने शिरोळ तालुक्याला वेढले होते. अशा वेळी वीज जाते आणि बॅटरीच्या दिव्यावर रात्र काढावी लागते. वाचावयास १०० चा उजेड पुरत असता २५५ ने जाळलेला दिवा पहाटेपर्यंत कसा टिकणार?

आणखी एक अडचण प्रत्यक्ष करून पाहतानाच भेटते. एल.ई.डी.चा उजेड शेजारच्या सेन्सरवर पडला, तर सेन्सरला वाटते, उजाडले. आणि दिवा हवा तितका उजळतच नाही. अशा वेळी प्रोग्राम बदलू नये. दोहोंच्या मध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा करावा.